हातचा एक

सल्लागारांच्या सत्तेचाळीस स्लाइड होत्या.
आम्हाला दहा मिनिटं मिळाली, कॉफीच्या आधीची.

तैमी ओइकारिनेन, एकतीस वर्षं सुईण,
आकड्यांना जरा बुजते.
मी नगरपालिकेत बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा हिशेब ठेवतो,
म्हणून तिला वाटलं, मला आलेख येत असणार.

पहिल्या रात्री मी एक वर्तुळ केलं,
सात रंगांचं, फुगीर, केकसारखं तिरपं कापलेलं.
तिने चष्मा कपाळावर चढवला.
वेइको, यातली हिरवी बाई कोण?

दुसऱ्या रात्री खांब.
आज सरासरी बेचाळीस मिनिटं,
कुइवाकोस्कीचा प्रसूतिकक्ष बंद झाला की चौपन्न.
उभा अक्ष मी चाळिसापासून सुरू केला,
तशी आजची मिनिटं घोट्याएवढी झाली
आणि उद्याची थेट छपराला टेकली.
तिचं बोट पडद्यावरून खाली खाली गेलं,
जिथे पाया असायला हवा होता तिथवर.
खालचं कुठे गेलं?
कापलं, म्हटलं. परिणाम होतो.
मापात पाप, ती म्हणाली.
बाळ तोलताना मी काट्यावर हात ठेवते का?

मग आम्ही सरासरी फोडली.
आतून दोनशे बारा घरं निघाली.
प्रत्येक बाळंतपणाचा एक ठिपका,
डावीकडे शून्य मिनिटं, उजवीकडे अंधार, रेनडिअर,
उणे अठ्ठावीसात न लागणारा फोन.
बहुतेक ठिपके अर्ध्या तासाच्या आत, दाटीवाटीने,
तेही ठेवले. ते लपवले असते
तर सुतावरून स्वर्ग गाठणारे आम्हीही झालो असतो.
दीड तासापलीकडे अकरा.
ते गडद केले. बाकी सगळे राखाडी.
वर एकच ओळ: या अकरा जणी कुठे थांबतील?

आणि मग, रात्री एकच्या सुमाराला,
मला एकसष्ट मिनिटांवरचा तो ठिपका दिसला.
कोण ते दोघांनाही ठाऊक होतं.
मार्चमधलं, न रडलेलं बाळ.
मी काही न विचारता त्याला लाल रंग दिला.
सभागृहात एकही डोळा कोरडा राहिला नसता.
तैमी बराच वेळ गप्प होती,
वेलचीचा पाव तसाच तिच्या हातात.
त्याचं काळीज दोन दिवस आधीच थांबलं होतं, ती म्हणाली,
रस्त्याचा त्यात काही दोष नाही.
राखाडी कर.

केला.

सभेत प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.
तिने स्लाइड लावली आणि, मी सांगितलं होतं तसं,
वीस सेकंद काहीच बोलली नाही.
(सतराव्या सेकंदाला मला घाम फुटला.)
मागच्या बाकावरचा काउको हुर्स्काइनेन उठला,
जो प्रत्येक ठरावाला पैशांचं काय म्हणतो,
पडद्यापाशी गेला, त्याची सावली निम्म्या बायकांवर पडली.
उजवीकडच्या शेवटच्या ठिपक्यावर नख टेकवून म्हणाला,
हे हिर्वासवारा ना? फाट्याच्या पुढचं?
नावं सांगणार नाही, तैमी म्हणाली.
मग एकेक जण चष्मा पुसत पुढे आला,
आपापली वाट शोधत,
सरासरीचं नावही कुणी काढलं नाही.

निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला.
यापलीकडे काही घडलं नाही.
निघताना सल्लागार बाईंनी माझ्याकडे फाइल मागितली,
मी दिली.

शाळेत बेरीज शिकवताना सांगायचे:
मावला नाही तो आकडा हातचा धरा,
पुढच्या घरात मिळवा.
तैमीने उरलेला पाव फडक्यात बांधला,
गाडी सुरू केली, आणि शहराच्या रस्त्याला न लागता
एकसष्ट मिनिटांच्या त्या घराकडे वळवली.